बाहुली कॅमेऱ्याकडे बघते तेव्हा

नाशिकच्या मंडळींनी कॅमेऱ्यासमोर केलेल्या हातबाहुल्यांच्या प्रहसनात बाहुली मध्येच प्रेक्षकांशी बोलते, पण ते रंगत नाही, अशी तक्रार आहे. असं होतं तेव्हा संवादाआधी नजर तपासा. बाहुली घातलेला हात आपल्या डोक्यावर धरला की मनगट मागे कलतं आणि बाहुली लेन्सच्या वरून बघते. मनगट पुढे वाकवा, बुबुळं किंचित नाकाकडे चिकटवा. कॅमेऱ्यातलं चित्र बघायला खाली मॉनिटर हवाच. त्यात आरशासारखं दिसत नाही, म्हणून सुरुवातीला हात हमखास उलट्या बाजूला जातो. आधी तोंड बंद, मग मान लेन्सकडे, सेकंदभर थांबा, मगच वाक्य. मान वळता वळता बोललात की हशा गेलाच.

प्रहसनातल्या फक्त आपापसात कळणाऱ्या विनोदांचं म्हणाल तर नाशिकच्या द्वारका चौकातल्या वाहतूककोंडीचा विनोद नाशकात चालेल. बाहेरच्याला निदान वाक्याचा सरळ अर्थ लागू दे. प्रेक्षकांशी बोलण्याकडे परत येऊ: १९७९च्या ‘द मपेट मूव्ही’ या बाहुल्यांच्या सिनेमात कर्मिट बेडूक आणि फॉझी अस्वल चालू सिनेमाचीच पटकथा बँडवाल्यांना देतात, आणि पुढे ती वाचूनच बँडवाले त्यांना वाळवंटात गाठतात. किती सुंदर! चौथी भिंत, म्हणजे पात्रं आणि प्रेक्षक यांच्यातली काल्पनिक भिंत, मोडली आणि त्यातूनच कथा पुढे सरकली. तुमच्या प्रहसनातही बाहुलीच्या हाती संहितेचा कागद देऊन बघा; जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, नाहीतर तो लवतो आणि तोंड झाकतो.