पहिल्यांदाच जपानला निघालेल्यांसाठी: तुमचे अनुभव सांगा

माझे आईबाबा एप्रिलमध्ये माझ्याकडे नागोयाला येतायत. दोघंही पासष्टीच्या पुढचे, दोघंही शाकाहारी, आणि पासपोर्टवर पडणारा हा पहिलाच शिक्का. तिकीट, व्हिसा, विमा यांची माहिती कुठेही मिळते, ती इथे नको. मी आलो तेव्हा पहिले आठ महिने आपलं काय चुकतंय हे मला कळलंच नाही, कारण इथे तोंडावर कुणी सांगत नाही. रागावत नाहीत, टोकत नाहीत. गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं सगळं सुरळीत चाललंय. तुमची चूक तुम्हाला कशी कळली, कुणामुळे कळली, ते लिहा.

सुरुवात मी करतो. मी दर रविवारी सकाळी सातला वरणभाताचा कुकर लावायचो, चार शिट्ट्या. घर लाकडी बांधणीचं, भिंती पातळ. एक दिवस जिन्यापाशी कागद लागला: सकाळच्या वेळी आवाजाची काळजी घ्यावी. ना कुणाचं नाव, ना खोलीचा नंबर. मी वाचला आणि पुढे गेलो. ऑफिसात सहज फोटो दाखवला तेव्हा शेजारी बसणारा हळूच म्हणाला, "हा कागद बहुतेक तुमच्यासाठीच आहे." खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. पहिली शिट्टी झाली की गॅसचं काहीतरी बिघडलं असं वाटून त्या उठून बसायच्या. आठ महिने! चिक्कीचा खोका दोन्ही हातांनी देऊन माफी मागितली. त्यांनी माझ्याहून खाली वाकून माझीच माफी मागितली. तेव्हापासून भात विजेच्या कुकरमध्ये आणि डाळ रात्रभर भिजवून साध्या पातेल्यात.

योकोहामा, 11 वर्षं

काकूंसाठी खाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या हातून यात एक गोष्ट घडली आहे.

'निकु नाशि' म्हणजे मांस नको, हे सगळे पाठ करून येतात. पण मासा 'निकु'मध्ये धरत नाहीत. त्यात इथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, उकळून काढलेलं पातळ सार, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या तलम कापट्यांची असते. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं), उडोन म्हणजे जाड शेवयांचा रस्सा, टोफूवरचं सॉस, सगळ्यात तीच. कधी उकडलेल्या पालकावरही तेच कापटे भुरभुरलेले असतात.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हॉटेलच्या नाश्त्याला मिसो सूप घेतलं. "किती हलकं आहे गं, आपल्या कढणासारखं," म्हणाल्या. मला माहीत होतं. त्यांना आवडलंय, कशाला मन मोडायचं, म्हणून मी बोलले नाही. तीन दिवस त्या ते प्यायल्या. चौथ्या दिवशी मला राहवेना, सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. "आधी सांगायला हवं होतंस," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. इथल्या लोकांच्या गप्प बसण्याबद्दल आपण लिहितोय, पण तेव्हा गप्प मी बसले होते, आणि ते मला आजही टोचतं.

म्हणून आईबाबांशी हे बोलणं विमानात बसायच्या आधी करा. दाशी चालणार आहे का, कुठवर चालेल, ते त्यांना ठरवू द्या. नंतर जपानी जाणणाऱ्याकडून चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, कात्सुओबुशी आणि माशाची दाशी खात नाही, कोम्बुची दाशी चालते. कोम्बु म्हणजे समुद्रातली वनस्पती. चिठ्ठी दाखवल्यावर बरीच हॉटेलं "जमणार नाही" म्हणून माफी मागतील. वाईट वाटून घेऊ नका. खोटं सांगून वाढण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

आणि वाकायामातल्या कोयासानला एक रात्र नक्की ठेवा. 816 साली कूकाई या भिक्षूंना सम्राटाकडून मिळालेली ही डोंगरावरची जागा. तिथल्या मठांमध्ये मुक्काम करता येतो आणि जेवण शोजिन र्‍योरी पद्धतीचं असतं: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचा टोफू, गोठवून सुकवलेला कोयाडोफू, डोंगरातल्या भाज्या. सासूबाईंना पुढच्या खेपेला तिथेच नेलं. ताटातलं काहीही न विचारता जेवल्या.

तोक्यो, नोकरीनिमित्त

भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचू नका. तसा भात मृताच्या पुढ्यात ठेवतात. पिंडाचा भात आपण कुणाच्या पानात वाढू का, तसंच हे. दुसरं, घास चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर देऊ नका. दहनानंतर नातेवाईक अस्थी तशा उचलतात. एका घरी मी छोट्या मुलीला प्रेमाने बटाट्याची फोड अशीच पुढे केली. तिनेही चॉपस्टिक पुढे केल्या, आणि अख्खं टेबल थांबलं. तिच्या आजीने पटकन मध्ये बशी धरली, फोड तीत घेतली, हसल्या, विषय बदलला. दुसऱ्या दिवशी कारण कळल्यावर मी सुन्न झालो.

पुणे, आईवडिलांना घेऊन दोनदा

औषधं आधी बघा. डॉक्टरने दिलेली औषधं स्वतःपुरती एक महिन्याची आणता येतात. त्याहून जास्त असतील तर 'युन्यु काकुनिन-शो' हे परवानगीपत्र निघण्याआधी घ्यावं लागतं. खोकल्याच्या औषधातलं कोडीन आणि सर्दीच्या गोळ्यांमधलं स्युडोएफेड्रिन याबाबत नियम कडक आहेत, तेव्हा घरातली 'नेहमीची गोळी' सवयीने पर्समध्ये टाकू नका. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. ताजा कढीपत्ता, ओली हळद घरीच ठेवा, रोपतपासणीच्या दाखल्याशिवाय आत येत नाही. मिक्सरही नको: तिथे वीज 100 व्होल्टची, आपला मिक्सर नुसता घुरघुरतो.

बूट मात्र चटकन काढता-घालता येतील असेच. दिवसातून दहादा काढावे लागतात, वाकताना बाबांचे गुडघे दुखायचे. तातामीवर, म्हणजे खोलीत अंथरलेल्या गवती चटयांवर, सपातासुद्धा चालत नाहीत, फक्त मोजे. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या तिथेच ठेवून बाहेर यायचं.

ओसाका, जपानी शिकायला आलेली

एक शब्द सांगते: 'चोत्तो'. अर्थ 'थोडंसं'. घरमालकीणबाईंना विचारलं, शनिवारी मैत्रिणींना जेवायला बोलावू का? त्या दातांतून हलकेच श्वास आत ओढून म्हणाल्या, "शनिवार… चोत्तो…" आणि वाक्य तिथेच सोडलं. मला वाटलं, थोड्याच मुली बोलाव म्हणतायत. सहाजणी आल्या. बाई दिवसभर बाहेर राहिल्या, संध्याकाळी परत आल्यावर नेहमीसारखंच बोलल्या. पुढे जपानीच्या वर्गात शिक्षिकेने शिकवलं की असं अर्धवट सोडलेलं 'चोत्तो' म्हणजे सरळ नकार.

आपल्याकडे स्थळ बघून गेल्यावर पाहुणे 'कळवतो' म्हणतात, आणि सगळ्या घराला काय ते कळतं. काकूंना एवढं सांगा, 'चोत्तो' लगेच समजेल.

कोल्हापूर

ओन्सेनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गरम पाण्याच्या कुंडात अंगावर काहीही न घालता उतरायचं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं होतं. पण आत गेल्यावर पाच मिनिटांत जाणवलं, कुणी कुणाकडे बघत नाही. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. माझे केस मोकळे होते. एक म्हाताऱ्या बाई काही न बोलता माझ्यापर्यंत आल्या, स्वतःच्या मनगटावरचा रबर काढून माझ्या हातात ठेवला आणि परत जाऊन बसल्या. तो रबर माझ्याकडे अजून आहे. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी तासावर घेता येणारी खासगी कुंडं असतात, लाजायचं कारण नाही.

सातारा, वय 71

मी तुमच्या वडिलांच्याच वयाचा, म्हणून त्यांच्याशीच बोलतो. साहेब, तोक्योच्या शिंजुकू स्टेशनात माझी आणि मुलाची चुकामूक झाली. बाहेर पडायची दारं दोनशेच्या वर. भाषा येईना, फोनची बॅटरी संपलेली. 'कोबान' म्हणून पोलिसांची छोटी चौकी असते, तिथे गेलो. पोलीस म्हटल्यावर आधी छातीत धडधडलं. त्या तरुण पोरानं मला खुर्ची दिली. मुलाचा पत्ता मी जपानीत लिहून घेऊन पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला होता, तो दाखवला. मुलगा येईपर्यंत त्यानं मला हलू दिलं नाही. पासपोर्ट पाहुण्यांनी कायम जवळ बाळगायचा असा तिथला कायदाच आहे. पत्त्याचा कागद त्यातच ठेवा.

गाडीत मोठ्यानं बोलू नका, फोन तर घेऊच नका. आम्ही गावाकडची माणसं, आवाज चढाच. सौभाग्यवतींशी मी तिथे तीन आठवडे हळू बोललो, तर त्या म्हणाल्या, हे घरीही चालू ठेवा.

आणि तोक्योतल्या असाकुसाला गेलात तर जवळच मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, तिथे जा. शोदेन म्हणजे आपला गणपतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही. मोदक नाही, दूर्वा नाहीत, तिथे पांढरा मुळा वाहतात. देवळातच विकत मिळतो. मी मुळा वाहिला आणि अथर्वशीर्ष म्हणायला तोंड उघडलं. आजूबाजूला बघितलं, सगळे हात जोडून गप्प उभे. मग मनातल्या मनात म्हटलं, सबंध. वाहिलेले मुळे भाविकांना प्रसाद म्हणून नेता येतात. एक घेऊन आलो. मुलाच्या घरी सौभाग्यवतींनी त्याची दही घालून कोशिंबीर केली, आणि सुनेनं शेजारच्या जपानी बाईंनाही वाटीभर नेऊन दिली.