पिनबॉल मशीनसाठी स्टेनलेसचे संरक्षक भाग: बेंडिंग आणि विक्रीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी शिकागोजवळ राहतो. जुनी पिनबॉल मशीन दुरुस्त करायचा नाद आहे, आणि आता त्यांचे पत्र्याचे भाग बनवून विकायचं मनात आहे. या मंचावर पुण्याजवळच्या भोसरी-चाकणला शीटमेटलचं (पत्र्याचं) काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांनी मशीन आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खेळाचा फळा प्लायवूडचा, उतार साधारण साडेसहा अंश. त्यावरून २७ मिमी व्यासाचा, ८० ग्रॅमचा पोलादी गोळा धावतो. गोळा ज्या भोकांत पडतो त्यांच्या कडा मार खाऊन झिजतात. आधी रंग उडतो, मग लाकडाचे थर उघडे पडतात. फळा बदलायचा तर खालची सगळी वायरिंग आणि कॉइल उतरवाव्या लागतात. हे होऊ नये म्हणून कडेवर पातळ स्टेनलेसचा भाग बसवतात.

सुरुवात ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’पासून करतोय. १९९२ चं बॅली कंपनीचं मशीन, २०,२७० नग विकले गेले, त्यामुळे गिऱ्हाईक आहे. त्यातल्या इलेक्ट्रिक खुर्चीच्या भोकासाठी ०.४ मिमी, ३०४ ग्रेडचा नमुना केलाय. वर सपाट ओठ, आणि आत ९० अंशांत खाली जाणारी भिंत.

अडचण भिंतीची आहे. सरळ कडेला बेंड छान येतो, पण गोलाईवर पत्रा ताणला जाऊन कड फाटते. शिवाय स्प्रिंगबॅकमुळे (वाकवलेला पत्रा सोडल्यावर थोडा परत उघडतो) ओठ फळ्यावर टेकत नाही, किंचित उचललेला राहतो. गोळा तिथे अडखळला तर तो भाग न लावलेलाच बरा. जाड पत्रा घेतला तर पायरी तयार होते, म्हणून तोही मार्ग नको.

दुसरी शंका: ३०४ वाकवल्यावर थोडं चुंबकीय होतं. या मशीनमध्ये फळ्याखाली चुंबक आहेत, गोळ्याची दिशा ऐन वेळी बदलणारे. फरक पडेल का?

आणि विक्रीचं: पहिली बॅच किती नगांची करावी? जाहिरातीत मशीनचं नाव घातलं तर चालतं का? लोकांनी जिवापाड जपलेल्या मशीनमध्ये माझा भाग बसणार आहे, घाईने काही विकायचं नाही.

प्रतिसाद:
दादा, गोलाईवर सलग भिंत ठेवूच नका. लेझर कटिंगलाच उभ्या चिरा देऊन पाकळ्या करा, आणि प्रत्येक चिरेच्या मुळाशी बारीक गोल भोक ठेवा म्हणजे फाट पुढे सरकणार नाही. गोळ्याचा मार वरचा ओठ आणि कोपरा खातो, भिंत फक्त पकडीसाठी आहे.

स्प्रिंगबॅकसाठी ९० वर थांबू नका, दोन-तीन अंश जास्त वाकवा. नेमका आकडा तुमच्याच पत्र्यावर तुकडे वाकवून काढा, कारण लॉट बदलला की तोही बदलतो. एवढ्या लहान भागाला प्रेसब्रेकपेक्षा (लांब पत्रा वाकवायचं मशीन) फ्लाय प्रेसवर (हाताने फिरवायचा स्क्रूचा प्रेस) छोटा पंच-डाय, म्हणजे दाबून आकार देणारा साचा, बरा. कटिंगनंतर बर (कापलेल्या कडेवर राहणारी धारदार कुसं) काढायला टम्बलिंग करा, म्हणजे भाग खड्यांबरोबर पिंपात घोळवा. कडेला बर राहिला तर गोळ्यावर ओरखडे, आणि ओरखडे पडलेला गोळा अख्खा फळा खरवडतो.

चुंबकत्वाची काळजी नको. एवढ्या पातळ पट्टीचा ८० ग्रॅमच्या गोळ्यावर परिणाम जाणवणार नाही. तरी मन मानत नसेल तर ३१६ घ्या, ते वाकवल्यावरही फारसं चुंबकीय होत नाही, फक्त महाग पडेल.

पहिल्या बॅचला एका शीटवर जेवढे बसतील तेवढेच कापा आणि वाकवायचे मात्र ऑर्डर येईल तसे. माप बदलावं लागलं तर चपटे तुकडे दुरुस्त करता येतात.

धागाकर्ता:
पाकळ्यांची युक्ती पटली, ड्रॉइंग बदलतोय. फळ्याची जाडी वार्निशमुळे मशीनगणिक थोडी वेगळी निघते, त्यामुळे पाकळ्या लांबीला थोड्या आखूड ठेवेन. जाहिरातीत लोगो न वापरता फक्त ‘या मशीनला बसेल’ एवढंच लिहावं असं वाटतंय, तरी ट्रेडमार्कचं काम पाहणारं इथे कोणी असेल तर जरूर सांगा. आणि फ्लाय प्रेसच्या डायला कोणतं स्टील घेऊ, डी-२ की ओएचएनएस (दोन्ही साच्यांसाठीची कडक होणारी स्टील)?