‘युजर’ला काय म्हणावे: ग्राहक, गिऱ्हाईक की वापरकर्ता?

इंटरनेट कंपन्यांची विचारपद्धती जुन्या धंद्यांत कशी आणावी, यावरचा एक मजकूर मराठीत करतो आहे. पानोपानी ‘युजर’ आहे. आधी सरसकट ‘ग्राहक’ लिहीत गेलो आणि एका वाक्यापाशी अडलो: युजर पैसे देत नाही, जाहिरातदार देतो. पैसे न देणाऱ्याला ग्राहक म्हणायचे का?

प्रतिसाद १
नका म्हणू. ग्राहक आणि गिऱ्हाईक दोन्ही ‘ग्रह्’ म्हणजे घेणे या धातूवरून आले. पण रूढ अर्थात घेणाऱ्याने दाम मोजणे आलेच. गूगल १९९८ साली सुरू झाले आणि २००० मध्ये त्याने शोधशब्दांशेजारी जाहिराती विकायला घेतल्या. तिथे शोधणारा वापरकर्ता, जाहिरातदार गिऱ्हाईक. शब्द एक केलात तर मुद्दाच हरवेल.

आणि ही फारकत फक्त इंटरनेटवर नाही. पंप बनवणाऱ्या कारखान्याचे गिऱ्हाईक बहुधा वितरक असतो. पंप चालवणारा माणूस कारखानदाराने वर्षानुवर्षे पाहिलेलाही नसतो. मला विचाराल तर या विचारपद्धतीतून जुन्या धंद्याने काही घ्यायचे असेल तर हेच: वापरकर्ता कुठे अडतो ते स्वतः बघणे. म्हणून दोन्ही शब्द ठेवा, आणि कुठे कोण आहे ते दर वाक्यात तपासा.

प्रतिसाद २
‘वापरकर्ता’ कोरडा वाटतो, पण इथे तोच नेमका. ‘चर्न’ला, म्हणजे लोक सोडून जाण्याला, मात्र नवा शब्द घडवू नका. गिऱ्हाईक तुटणे हे आपण बोलतोच. टिकणे आणि तुटणे, झाले काम.

मूळ लेखक
पटले. ‘बर्न’चे, म्हणजे नफा नसताना पैसा खर्च होत राहण्याचे, काय? मी ‘पदरमोड’ लिहिले आहे.

प्रतिसाद १
तिथे घोळ होईल. पदरमोड म्हणजे स्वतःच्या पदरचे पैसे घालणे. बर्नमध्ये बहुतेक वेळा गुंतवणूकदाराचे भांडवल जाते, वाढ आधी आणि नफा नंतर या हिशेबाने. जुन्या धंद्याचा मालक तसेच करायला गेला तर खरोखरच पदरमोड होते. तेव्हा कंपनीसाठी ‘भांडवल खर्ची घालणे’, मालकासाठी ‘पदरमोड’. वाचकाला जोखमीतला फरक शब्दांतूनच कळेल.

प्रतिसाद ३
‘लीन’ला काटकसर लिहिले असेल तर बदला. काटकसर म्हणजे खर्च कमी करणे, लीन म्हणजे निरुपयोगी काम काढून टाकणे. हा शब्द इंटरनेटवाल्यांचा नाहीच. वाहनउद्योगाचे संशोधक जॉन क्राफसिक यांनी १९८८ मध्ये तो टोयोटासारख्या उत्पादनपद्धतीसाठी वापरला, आणि नवउद्योगांत (स्टार्टअपमध्ये) तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेला. कारखान्यातून निघालेला विचार कारखान्यालाच नवा म्हणून सांगितला जातोय. भाषांतरात एक टीप द्याच.

मूळ लेखक
काटकसरच लिहिले होते, सहा ठिकाणी. आज बदलतो.