सायकियाट्रिक एनपी आणि औषधं
वर कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेत सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करायचं पुढचं शिक्षण घेतलेल्या नर्स) फक्त काउन्सेलिंग करतात, औषधं डॉक्टरच देतात. तसं नाहीये हो, सगळं स्टेटवर आहे. ॲरिझोना, ओरेगॉनमध्ये त्या डायग्नोसिस करतात, औषधं लिहितात, स्वतःचं क्लिनिकही चालवतात आणि टेक्ससमध्ये तेच शिक्षण असून डॉक्टरशी लेखी करार लागतो, वर एडीएचडीचं (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) ॲडरॉल हे औषध क्लिनिकमध्ये आलेल्या पेशंटला लिहिताच येत नाही. न्यूयॉर्कमध्ये ३६०० तास अनुभव झाला की करारातून सुटका, हे मला त्यातल्या त्यात पटतं. नवख्या एनपीवर एकटीवर लिथियमचे (बायपोलर आजारावरचं, जपून द्यावं लागणारं औषध) पेशंट टाकू नयेत हे ठीक, पण पंधरा वर्षं काम केलेलीनेही करारासाठी डॉक्टर शोधत फिरायचं आणि बऱ्याचदा त्याला दरमहा पैसे मोजायचे, हे कशासाठी?