ॲथलेटिक बिल्बाओ: 'फक्त बास्क खेळाडू' हा नियम टिकावा का?

डावा विंगर (धागाकर्ता)

स्पॅनिश फुटबॉलच्या गप्पांत ॲथलेटिक बिल्बाओचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो क्लब वंशवादी आहे, फक्त बास्क रक्ताची पोरं घेतो." मला हे साफ नामंजूर आहे. का, ते मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी खोडून काढावं.

आधी नियम नेमका काय आहे ते पाहू. ॲथलेटिककडून खेळायचं असेल तर दोनपैकी एक गोष्ट हवी. एक, खेळाडूचा जन्म बास्क प्रदेशातला हवा, म्हणजे स्पेनमधले चार प्रांत (नावारासह) आणि फ्रान्समधले तीन. किंवा दोन, तो तिथल्या एखाद्या क्लबच्या वयोगटातल्या संघांत घडलेला हवा. आडनाव विचारत नाहीत, आईबाप कुठले ते विचारत नाहीत, बास्क भाषा येते का तेही विचारत नाहीत. क्लबच्या घटनेतही हे कलम नाही. ही सभासदांनी पाळलेली रीत आहे. क्लब सभासदांच्या मालकीचा आहे, अध्यक्ष तेच निवडतात आणि ही रीत मोडायचं आश्वासन देऊन तिथे कुणी निवडून येईल असं मला वाटत नाही.

दुसरं म्हणजे ही रीत कुठल्या वंशशुद्धीच्या जाहीरनाम्यातून आलेली नाही. १८९८ हे क्लबचं स्थापनावर्ष. तेव्हाचं बिल्बाओ म्हणजे लोखंडाच्या खाणी आणि जहाजबांधणीचं शहर. तिथे कामाला आलेले इंग्रज आणि इंग्लंडात शिकून परतलेली बिल्बाओच्या सधन घरांतली मुलं, या दोघांनी मिळून हा खेळ रुजवला. नाव इंग्रजी. आज ज्याला आपण बिल्बाओचा लाल-पांढरा पट्टा म्हणतो तो शर्टसुद्धा १९१० साली साउथॅम्प्टनहून आला. सुरुवातीला इंग्रज खेळाडूही संघात होते. १९११च्या चषक स्पर्धेत त्यांच्यावरून मोठा वाद झाला आणि १९१२पासून क्लबने परदेशी खेळाडू घेणं थांबवलं. म्हणजे मुळाशी आहे एका स्पर्धेतलं भांडण. त्याला अस्मितेचा अर्थ पुढच्या पिढ्यांनी दिला, आणि त्यांनी तो दिला यात मला काहीच खोटं वाटत नाही.

हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत तर नावसुद्धा सक्तीने बदलून 'ॲटलेटिको' करायला लावलं. बास्क सरकारचा पहिला अध्यक्ष होसे अंतोनियो आगिर्रे हा स्वतः ॲथलेटिककडून खेळलेला माणूस. १९३७मध्ये यादवी युद्ध पेटलेलं असताना बास्क खेळाडूंचा संघ युरोपात आणि मग मेक्सिकोत सामने खेळत फिरला, त्यातले कित्येक जण ॲथलेटिकचे. एवढं सोसलेल्या क्लबाला 'तुम्ही बाजारातून खेळाडू का घेत नाही' असं विचारताना निदान हा इतिहास माहीत असावा.

आणि हा क्लब आजवर पहिल्या विभागातून एकदाही खाली गेलेला नाही. असे स्पेनमध्ये तीनच: रिअल माद्रिद, बार्सिलोना आणि ॲथलेटिक. आठ लीग विजेतेपदं आहेत. एप्रिल २०२४मध्ये मायोर्काला पेनल्टींवर हरवून चाळीस वर्षांनी राजाचा चषकही (कोपा देल रे, स्पेनमधली बाद फेरीची स्पर्धा) आणला. जो नियम शंभर वर्षांहून जास्त टिकून एवढं देतो, तो मोडावा कशासाठी?

पुणेरी मिडफिल्डर

लेख तळमळीचा आहे, पण सोयीचं तेवढं सांगितलंत. मी दोन नावं देतो.

मिगेल जोन्स. जन्म आफ्रिकेतल्या तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतीत, फर्नांडो पो बेटावर. अगदी लहानपणी बिल्बाओत आला, तिथेच वाढला, तिथेच खेळ शिकला. १९५०च्या दशकात ॲथलेटिकबरोबर सराव केला, पण संघात जागा मिळाली नाही, कारण जन्म तिथला नव्हता. तो ॲटलेटिको माद्रिदकडे गेला आणि तिथे चषक जिंकला.

होसे एउलोहिओ गाराते. आईबाप बास्क, वाढला एइबारमध्ये. जन्म मात्र अर्जेंटिनातला. त्यालाही हेच दार बंद. तोही ॲटलेटिको माद्रिदकडे गेला आणि सलग तीन हंगाम लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा मान मिळवला.

तुम्ही म्हणता रक्त बघत नाहीत. बरोबर, गारातेच्या बाबतीत रक्त असूनही त्याला घेतलं नाही. जन्माचा दाखला बघितला. माणूस कुठे जन्मला हे त्याच्या हातात असतं का? खेळाडूची लायकी सोडून जन्मगाव बघणारी पद्धत मला कुठल्याही नावाखाली मान्य नाही. इतिहास हृद्य आहे म्हणून अन्याय न्याय्य ठरत नाही.

डावा विंगर

जोन्स आणि गाराते यांच्यावर अन्याय झाला, यात दुमत नाही. पण तुमचीच उदाहरणं दाखवतात की रेघ तिथेच राहिली नाही. 'तिथे घडलेला' हे दुसरं दार नंतर उघडलं. साओ पावलोत जन्मलेला गोलरक्षक बिउरून १९८०च्या दशकात ॲथलेटिककडून खेळला. अमोरेबिएता व्हेनेझुएलात जन्मला, बास्क प्रदेशात वाढला आणि खेळला. १९९६मध्ये फ्रान्सच्या बाजूचा लिझाराझू आला. लापोर्त तर फ्रान्समधल्या आजाँचा, ते गाव बास्क प्रदेशात नाहीच. फ्रेंच बास्क भागातल्या बायोनमध्ये आणि मग क्लबच्या लेसामा अकादमीत घडला म्हणून तो चालला. आजच्या नियमात जोन्सला कुणीही अडवू शकलं नसतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या चुकीसाठी आजची रीत रद्द करा म्हणणं मला पटत नाही.

अनोएताचा पाठीराखा

मी रिअल सोसिएदादवाला, म्हणजे बिल्बाओहून तासाभरावर असलेल्या सान सेबास्तियानच्या संघाचा चाहता. मला वंश, रक्त या वादात पडायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे: बास्क अस्मिता ही ॲथलेटिकची जहागीर आहे असं सगळे का लिहितात?

५ डिसेंबर १९७६. फ्रँको जाऊन वर्ष झालं होतं, पण बास्क झेंडा, इकुरिन्या, अजून बेकायदा होता. सान सेबास्तियानच्या जुन्या आतोचा मैदानावर आमचा आणि ॲथलेटिकचा सामना. झेंडा शिवला होता आमच्या एका खेळाडूच्या बहिणीने आणि तो लपवून मैदानात आणला गेला. आमचा कप्तान कोर्ताबारिया आणि ॲथलेटिकचा कप्तान इरिबार दोघांनी एकेक टोक धरून तो मैदानाच्या मध्यापर्यंत नेला. पुढच्याच महिन्यात झेंडा कायदेशीर झाला. इरिबार बिल्बाओचा देव असेल, पण जन्म आमच्याच प्रांतातल्या सारौत्सचा! (त्या दिवशी सामना आम्ही ५-० जिंकला, हेही नोंदवून ठेवतो.)

आम्हीही बराच काळ फक्त बास्क खेळाडू घेत होतो. त्याच बळावर १९८१ आणि १९८२ची लीग जिंकली. पुढची दोन वर्षं ॲथलेटिकने जिंकली. चार वर्षं स्पेनची लीग बास्क पोरांकडे होती. १९८९मध्ये आम्ही आयर्लंडकडून खेळणाऱ्या जॉन ऑल्ड्रिजला घेतलं आणि तो नियम सोडला. त्याने आमचं बास्कपण गेलं का? आजही आमच्या संघात आमच्याच सुबिएता अकादमीतली पोरं भरपूर असतात.

उलट ॲथलेटिकच्या नियमाची किंमत आम्ही शेजारी मोजतो. १९९५मध्ये सतरा वर्षांचा एचेबेरिया आमच्याकडून उचलला, दोन्ही क्लबांचे संबंध पार बिघडले. २०१८च्या जानेवारीत लापोर्तला मँचेस्टर सिटीला सुमारे साडेसहा कोटी युरोंना विकलं आणि त्याच आठवड्यात ३.२ कोटी भरून आमचा इन्यिगो मार्तिनेस नेला. नावारामधल्या ओसासुना क्लबचे चाहतेही हीच तक्रार करतात. खेळाडू घडवायचे इतरांनी आणि 'आम्ही आमच्याच मातीतले घेतो' म्हणून मिरवायचं बिल्बाओने. 'तिथल्या कुठल्याही क्लबात घडलेला चालेल' या वाक्याचा अर्थ व्यवहारात हा होतो.

नाखवा

पाठीराखा यांच्या मुद्द्याला पैशाची बाजू जोडतो. जिथून खरेदी करता येते तो बाजार एवढासा, हे सगळ्या शेजाऱ्यांना ठाऊक. त्यामुळे ॲथलेटिक दारात आलं की भाव चढतो. उलट विकायची वेळ आली की ॲथलेटिक सहसा वाटाघाटीला बसतच नाही, करारात लिहिलेली पूर्ण रक्कम मागतं. हावी मार्तिनेस २०१२मध्ये ४ कोटी युरोंना बायर्नकडे, केपा २०१८मध्ये ८ कोटी युरोंना चेल्सीकडे. गोलरक्षकासाठी तेव्हा ती जगातली सर्वात मोठी रक्कम होती. पण आलेला पैसा खर्च करायला माणसंच मोजकी.

१९९०च्या कायद्याने स्पेनमधल्या बहुतेक व्यावसायिक क्लबांना भागधारकांच्या कंपन्या व्हावं लागलं. सुटले फक्त चार, रिअल माद्रिद, बार्सिलोना, ओसासुना आणि ॲथलेटिक. मला वाटतं बिल्बाओची खरी ओळख या सभासद-मालकीत आहे. खेळाडूंचा नियम हा तिचा परिणाम आहे. उद्या कुणी अब्जाधीश मालक आला असता तर नियम पहिल्या वर्षी गेला असता.

तरी एक कबूल करायला हवं. १९८४नंतर लीग नाही. युरोपीय न्यायालयाच्या १९९५च्या बॉसमन निकालानंतर युरोपभरचे खेळाडू इतरांना मोकळे झाले आणि अंतर वाढत गेलं. नियमाची ही किंमत आहे, आणि सभासद ती जाणूनबुजून देतात.

सान मामेसची चाहती

मी कामानिमित्त काही काळ बिल्बाओत राहिले, म्हणून लिहावंसं वाटलं.

सामन्याच्या दिवशी लिसेन्सियादो पोसा नावाच्या रस्त्यावरून मैदानाकडे चालत जायचं. दोन्ही बाजूंनी बार, दारात उभे राहून खाणारी-पिणारी माणसं, तीन-तीन पिढ्या एकाच शर्टात. स्टेडियममध्ये पिचिचीचा अर्धपुतळा आहे. रफाएल मोरेनो हे त्याचं खरं नाव, सान मामेस या क्लबच्या मैदानावरचा पहिला गोल १९१३मध्ये त्याने मारला आणि १९२२मध्ये, तिशीच्या आत, तो तापाने गेला. जो संघ पहिल्यांदा तिथे खेळायला येतो त्याचा कप्तान त्या पुतळ्यापाशी फुलं ठेवतो. स्पेनमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला जे पारितोषिक मिळतं ते याच माणसाच्या नावाचं.

माझ्या मजल्यावरचे आजोबा स्पेनमधल्याच गालिसियाहून पोटासाठी आलेले, नदीच्या डाव्या तीरावर बाराकाल्दोच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. त्यांच्या पिढीतल्या बाहेरून आलेल्या मजुरांना तिथे हिणवणारेही होते, ते त्यांनी लपवलं नाही. पण ते म्हणायचे, माझा मुलगा इथे जन्मला, त्याला ॲथलेटिकचं दार उघडं होतं, आणि मला त्या एका गोष्टीने या शहरात घर मिळालं.

इन्याकी विल्यम्सचे आईवडील घानाहून सहारा तुडवत आले, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मेलिय्या या स्पॅनिश शहराचं कुंपण ओलांडलं. आई तेव्हा गरोदर होती. बिल्बाओत त्यांना मदत करणाऱ्या धर्मगुरूचं नाव त्यांनी मुलाला दिलं. तो आज कप्तान आहे, लीगमध्ये सलग २५१ सामने खेळला. धाकटा निको नावारामधल्या पाम्प्लोनात जन्मला, स्पेनसाठी २०२४च्या युरो अंतिम सामन्यात त्याने गोल केला. इन्याकी घानाकडून खेळतो. एका घरात दोन देश आणि क्लब एकच. यात मला तरी भेदभाव दिसला नाही.

पुणेरी मिडफिल्डर

ताई, तुमच्या आजोबांची गोष्ट मी मनापासून मानतो. पण विल्यम्स बंधू बास्क प्रदेशात जन्मले म्हणून आत आले. इन्याकीचा जन्म मेलिय्यात झाला असता आणि कुटुंब चार-पाच वर्षांनी बिल्बाओला आलं असतं तर? हो, दुसरं दार आहे. पण ते किती उघडं आहे बघा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला देश बदलून नोंदवायला फिफाची बंदी आहे, मोजके अपवाद सोडून. म्हणजे बाहेर जन्मलेल्या पोराला 'तिथे घडायचं' असेल तर त्याचं अख्खं कुटुंब आधीच, आणि फुटबॉलसाठी नव्हे तर दुसऱ्या कारणाने, तिथे आलेलं हवं. लापोर्त आला तो युरोपीय संघातला होता म्हणून. एकोणीस वर्षांचा सेनेगाली तरुण आज बिल्बाओत राहतो, काम करतो, भाषा शिकतो, रविवारी खेळतो, त्याला हे दार कधीच उघडणार नाही. आणि ॲथलेटिकच्या पहिल्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, रामाल्यो, २०११मध्ये आला. एवढ्या मोठ्या बंदराच्या शहरात!

डावा विंगर

त्या एकोणीस वर्षांच्या पोराला स्पेनमधले बाकी सगळे क्लब मोकळे आहेत. एका क्लबने 'आम्ही आमच्या परिसरात वाढलेल्यांना घेऊन खेळणार' असं ठरवलं तर ते त्याच्यावरचं आक्रमण होत नाही. फुटबॉलमध्ये क्लब आणि गाव यांचं नातं सगळीकडे तुटत चाललंय. जिथे टिकलंय ते एक तरी राहू द्या. दार अजून रुंद करा म्हणाल तर मी तुमच्या बाजूने सही करेन, बिल्बाओत काही वर्षं राहिलेल्या प्रौढालाही घ्यावं. पण दारच काढून टाका, हे नको.

२०२४ची ती मिरवणूक आठवा. चषक घेऊन खेळाडू गबारा नावाच्या बार्जमधून नेर्विओन नदीतून निघाले, १९८४नंतर पहिल्यांदा, आणि दोन्ही काठांवर लाखोंची गर्दी. बाजारातून आणलेल्या अकरा जणांसाठी एवढे लोक आले असते असं मला वाटत नाही.

अनोएताचा पाठीराखा

नापोलीने मॅराडोनाबरोबर लीग जिंकली तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर होतं. लोक जिंकणाऱ्या आपल्या शर्टासाठी येतात, त्यातल्या माणसाच्या जन्मगावासाठी नव्हे.

नाखवा

सगळे पुरुष संघावरच बोलतायत. ॲथलेटिकचा महिला संघही हीच रीत पाळतो. २००२मध्ये सुरू झाला, २००३, २००४, २००५, २००७ आणि २०१६ अशा पाच लीग जिंकल्या. जानेवारी २०१९मध्ये ॲटलेटिको माद्रिदविरुद्धच्या चषक सामन्याला सान मामेसमध्ये ४८ हजारांवर लोक होते. पण २०१६नंतर पुन्हा विजेतेपद नाही. पुरुष संघाकडे केपा, लापोर्त विकून आलेले कोट्यवधी आहेत, तिथल्या मुलींच्या संघाकडे तशी कमाई नाही. नियम ठेवायचाच असेल तर त्याची किंमत त्यांनी एकट्यांनी भरू नये, क्लबने पुरुष संघाच्या पैशातून बास्क प्रदेशभर मुलींच्या अकादम्या उभ्या कराव्यात. यावर डावा विंगर यांचं मत ऐकायला आवडेल.