लेकराला घेऊन हिवाळ्यात युरोप: कोणतं शहर निवडलंत? अनुभव सांगा

जळगाववाली

काल यावलजवळ मामाच्या मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी टाकली, सालं करपायला लागली आणि जो वास सुटला ना, मी थेट २०१८ च्या डिसेंबरात व्हिएन्नाला जाऊन पोचले. तिथे थंडीत रस्त्याच्या कडेला लोखंडी शेगडीवर चेस्टनट भाजतात, कागदाच्या पुडीत गरमागरम देतात. माझी लेक तेव्हा साडेतीन वर्षांची, तिला ते खायचं नसायचंच, हातमोजे काढून पुडी दोन्ही हातात धरायची, मधेच नाकाला लावायची, परत हातात. काल मळ्यात जाळासमोर अगदी तशीच हात पुढे करून उभी होती, आता दहाची झाली. म्हणून हा धागा.

आमचं आधी आठ दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड, प्राग असं ठरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, पोरीला फिरवायला नेताय का बॅगा फिरवायला? तेव्हा राग आला होता पण रात्री कागद घेऊन बसले तर खरंच आठातले तीन दिवस सामान बांधण्यात जात होते. मग एकच शहर. व्हिएन्ना का तर ट्रॅममध्ये बाबागाडी सरळ चढते, सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि बाहेर कुडकुडलं की दहा मिनिटांत आत शिरायला काहीतरी असतं. राजवाडे वगैरे आम्ही बाहेरूनच पाहिले, काही वाईट वाटलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सांगते. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे. पोरगी पहाटे तीनला टक्क जागी, आपल्याकडे साडेसात वाजलेले ना! पहिल्या दिवशी तिला परत झोपवण्यात दोन तास घालवले, शेवटी तिघंही रडकुंडीला. दुसऱ्या दिवसापासून नाद सोडला. तीनला उठा, दूध, पोहे, खेळ, उजाडायच्या आधीच खालच्या बेकरीत, आणि नऊला शोनब्रुनच्या प्राणीसंग्रहालयाच्या दारात पहिले आम्ही. १७५२ सालचं आहे ते, जगातलं सगळ्यात जुनं अजून चालू असलेलं. दुपारी चारला अंधार पडतो, टाउन हॉलसमोरच्या बाजारात दिवे लागतात, ती तासभर डोळे मोठ्ठे करून बघायची आणि साडेपाचला बाबागाडीतच झोपून जायची. उन्हाळ्यात गेलो असतो तर नऊपर्यंत उजेड, तिला एक दिवा दिसला नसता. लोक म्हणतात हिवाळ्यात दिवस लहान म्हणून लेकरांना नेऊ नका, मला तर उलटं वाटतं, लेकराचाही दिवस तेवढाच असतो.

तुम्ही कुठे गेलात, का निवडलं, पोरांचं काय झालं, लिहा.

रावेरकर

प्राग. २८ डिसेंबर ते ३ जानेवारी. मुलगा सव्वादोन. दगडी रस्ते बघून बाबागाडी न्या म्हणजे झालं, आमच्या गाडीची चाकं लहान होती आणि जुन्या शहरात प्रत्येक दगडाला अडकत होती, तिसऱ्या दिवशी एक चाक निघूनच आलं मग पुढचे तीन दिवस पोरगं खांद्यावर, वजन तेरा किलो अधिक स्वेटर. पण ते घड्याळ! १४१० सालचं खगोलीय घड्याळ, दर तासाला खिडकीतून पुतळे फिरतात, आमच्या छोट्या साहेबांनी ते अकरा वेळा पाहिलं. दुसरं काही पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. आणि हो बाजाराचं लक्षात ठेवा, जर्मनीतले बहुतेक नाताळ बाजार २३-२४ ला आवरतात आणि आपल्याकडच्या शाळांना सुट्टी लागते २५ ला. माझा चुलतभाऊ २७ ला न्युरेंबर्गला पोचला तर लोक मांडव सोडत होते. प्रागचा ६ जानेवारीपर्यंत असतो म्हणून आम्ही ते घेतलं.

जळगाववाली

अरे बापरे चाक! हो व्हिएन्नाचा टाउन हॉलचा पण २६ पर्यंतच. आम्ही १४ ला गेलो होतो, पोरगी बालवाडीत, शाळेचं टेन्शन नव्हतं.

धुळ्याची आजी

मी सांगते खाण्याचं. मुलगा सून नातू आणि मी, ब्रुसेल्सला घर भाड्याने घेतलं होतं सहा दिवस. मी निघताना दोन किलो घरचं तूप डब्यात भरलं, पेढे घेतले. मुलगा म्हणाला आई दुधाचं आणि मांसाचं काहीच बाहेरून तिकडे नेता येत नाही, कायदा आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे तेवढी. माझा जीव वर-खाली, नातू तुपाशिवाय वरण-भात तोंडात घेत नाही. शेवटी तिथल्या दुकानातून बिनमिठाचं लोणी आणलं आणि कढवलं. मंद आचेवर वीस मिनिटं, बेरी खाली बसली, रंग आला, आपल्यासारखं हो अगदी. सगळ्या घरात वास. नातवाने वाटी चाटून पुसून ठेवली. बिबडे (आपले ज्वारीचे पापड हो), मुगाची डाळ, तांदूळ, कळण्याचं पीठ मात्र नेलं होतं, त्याला कोणी काही विचारलं नाही. लसणाची फोडणी दिली तेव्हा छतावरचं धुराचं यंत्र असं बोंबललं की खालच्या मजल्यावरची बाई धावत आली. तिला बिबडा दिला. रोज संध्याकाळी यायची मग.

तर लहान मूल असेल तर हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर बघा. शहर कोणतं का असेना.

भुसावळचा रेल्वेवाला

आजी 🙏 तुपाचं वाचून भूक लागली.

व्हिसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आपल्याकडच्यांना तीच पहिली सहल असते. अमरावती एक्सप्रेसने रात्री निघालो, पहाटे मुंबई, पोरगी चार वर्षांची, अपॉइंटमेंट अकराची. तिला वेटिंग रूममध्ये आंघोळ घालून, वेण्या घालून नेली, काउंटरवर कळलं १२ वर्षांखाली बोटांचे ठसे घेतच नाहीत. फी पण सहा वर्षांखाली नाही, मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा अर्धी. आमच्या फाइल बनवणाऱ्याने मात्र पोरीचे पण पैसे घेतले होते "व्हिसा फी" म्हणून. परत मागितले, आठ फोन केले तेव्हा मिळाले. म्हणून सांगतो, स्वतः वाचा. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, डिसेंबरला जायचं तर दिवाळीची वाट बघू नका. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो. जन्मदाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, आमच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मराठी पद्धतीने मधे होतं आणि पासपोर्टवर नव्हतं, नगरपालिकेत तीन चकरा. आणि लंडन करायचं असेल तर त्याचा व्हिसा पूर्ण वेगळा, एका दगडात दोन पक्षी होत नाहीत.

वरणबट्टी

जन्मदाखला!!! आमचंही तेच. कोणत्या टेबलावर होतं तुमचं काम, आम्हाला आठ दिवसांपासून उद्या या उद्या या.

भुसावळचा रेल्वेवाला

व्यक्तिगत निरोप पाठवतो ताई.

अमळनेर ते लिस्बन

आम्ही बर्फाच्या विरुद्ध दिशेला गेलो. पोराला दम्याचा त्रास, डॉक्टर म्हणाले कोरड्या कडक थंडीत नको. लिस्बन निवडलं, जानेवारीत दुपारी १४-१५ डिग्री, म्हणजे आपल्याकडची पहाट समजा. पाऊस दोन दिवस लागला. तिथलं समुद्री मत्स्यालय, १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, मधोमध एकच प्रचंड टाकी आहे पन्नास लाख लिटरची आणि वर-खाली दोन्ही मजल्यांवरून तीच दिसते. त्यात एक सनफिश, माशाचं नुसतं डोकंच पोहतंय असं वाटतं, शेपूट नाही. पोरगा काचेला नाक लावून पाऊण तास. मी खाली बसून घेतलं, कोणी उठवलं नाही. समुद्री पाणमांजर पाठीवर पडून स्वतःचा चेहरा चोळत होतं तर हाही तसाच चोळायला लागला, अजून आंघोळीत करतो.

एक मात्र कोणी सांगत नाही, बाहेर ऊन असतं पण घरं आतून थंडगार. आमच्या खोलीत एक छोटा हीटर, भिंती ओल्या. रात्री तिघं एका गोधडीत. घर घेताना हीटिंग आहे का ते विचारूनच घ्या. आणि चढ इतके आहेत की बाबागाडी नेऊच नका, पाठीला बांधायची झोळी न्या.

शहाद्याचा पोऱ्या

तठे गंज थंडी शे म्हनतस, आठे सातपुड्याना पायथाले बी कमी नही बरं. मन्ही आंडेर (पोरगी) दोन सालनी शे. आमनं अजून ठरनं नही, बठ्ठं वाची ऱ्हायनू. लिहा लिहा.

पारोळ्याची सून

रोव्हानिएमीला गेलो होतो, फिनलंड, सांताचं गाव. पोरगी तीन. मी मनापासून सांगते, तीन वर्षांच्या लेकराला नेऊ नका. सहा-सातचं असेल तर स्वर्ग आहे. डिसेंबरात सूर्य दोन-अडीच तास, तोही नुसता लालसर उजेड, आणि उणे १९ होतं आम्ही असताना. तिला पाच थर घालायला अर्धा तास, घालून झालं की शू. परत काढा. बाहेर पंधरा मिनिटं, की गालावर पांढरे डाग दिसले, मी घाबरून पळत आत. रेनडिअरच्या गाडीत बसायचे पैसे आधीच भरलेले, ती बसली आणि रडून रडून श्वास लागला, उतरवलं. सांताच्या मांडीवर तर बसलीच नाही, त्या दाढीला घाबरली. रात्री खोलीत मी पण रडले, आठ महिने भिशीचे पैसे जमवले होते. तिला आवडलं काय तर हॉटेलच्या मागची प्लास्टिकची घसरगाडी आणि तो छोटासा उतार. तिथे ती खळखळून हसली, तेवढं हसू मी जपून ठेवलंय.

जळगाववाली

ताई वाचून पोटात तुटलं. तुमची काही चूक नाही हो. पैसे जमवून, स्वप्न बघून नेतो आपण. ते घसरगाडीचं हसूच खरं.

धुळ्याची आजी

बाळा, मुलगी मोठी झाली की परत जा. तेव्हा ती तुला ओढत नेईल.

पारोळ्याची सून

आजी 😢❤️ हो.

नाशिकहून मूळचा चोपडा

विमान उतरताना कान दुखतात त्याचं काय करता? आमचा मागच्या वेळी दोहाला उतरताना इतका कळवळला की आख्खं विमान उठून बघत होतं. सर्दी होती त्याला.

अमळनेर ते लिस्बन

उतरायला लागलं की काहीतरी चोखायला द्या, बाटली, चॉकलेट, पाणी घोट घोट. झोपलेला असेल तर आधीच उठवा. सर्दी असेल तर डॉक्टरांना विचारून मगच.

रावेरकर

कपडे कुठून घेतले सगळ्यांनी? मी तर बायकोच्या माहेरी तिबेटी लोकांकडून स्वेटर घेतले आणि वाऱ्यात सगळे फेल गेले.

जळगाववाली

आतून थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वरून वारा अडवणारं, एवढे तीनच थर. आणि पुढून चेनने उघडणारं घ्या, डोक्यातून घालायचं नको, कारण आत शिरलं की सगळीकडे हीटिंग, लगेच काढायला लागतं नाहीतर पोर घामाघूम आणि मग बाहेर आल्यावर तोच घाम गार. हातमोजे दोरीने बाहीतून ओवून ठेवा. आम्ही पहिल्याच दिवशी डावा हरवला, उरलेले दिवस माझ्या नवऱ्याचा पायमोजा तिच्या हातात!

आणि सांगायचं राहिलंच. व्हिएन्नात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांच्या बुरुजात मत्स्यालय केलंय, जाड जाड काँक्रीटच्या भिंती. त्यात एक काचेचं उष्ण जंगल आहे, माकडं मोकळी फिरतात. बाहेर शून्य, आत शिरलो आणि माझ्या चष्म्यावर वाफ, काही दिसेना. लेकीने जाकीट काढून खाली टाकलं, टोपी टाकली, मोजे काढायला बसली. म्हणाली, आई जळगाव आलं.

वरणबट्टी

आई जळगाव आलं 😭😭

शहाद्याचा पोऱ्या

ताई, आमनं ठरी गयं. व्हिएन्ना. बायकोले वाची दाखाडं. आते पासपोर्टले लागस.

भुसावळचा रेल्वेवाला

भाऊ आधी जन्मदाखला.