मदत हवी आहे: वणव्यानंतर बिटरब्रश उगवलं, सेजब्रश का नाही?

मंडळी, प्रश्न आडवाटेचा आहे, पण इथे शेतीवाले आणि वनस्पतीशास्त्रवाले दोन्ही आहेत म्हणून विचारतेय.

आम्ही आयडाहोत, बॉयसीच्या उत्तरेला डोंगरात राहतो. उंची साधारण ४,८०० फूट. घरामागे आमच्याच हद्दीतला एकरभर उतार आहे. तिथे सेजब्रश आणि बिटरब्रश या दोन झुडपांचं राज्य होतं. सेजब्रश म्हणजे आपल्या दवण्याची चुलत बहीण, दोघीही आर्टेमिसिया. पावसाची सर येऊन गेली की मागचं दार उघडायचं आणि मला थेट जोतिबाची चैत्र यात्रा आठवायची. (वास हुबेहूब नाही, कापराकडे झुकणारा आहे, पण नाकाला कोण समजावणार!) बिटरब्रश गुलाबाच्या कुळातलं, मे-जूनमध्ये फिकट पिवळ्या फुलांनी भरून जायचं. दोघांच्या पानांना टोकाशी तीन-तीन दात, त्यामुळे पहिलं वर्षभर मी दोन्ही एकच समजत होते.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये वणवा आला. घर वाचलं, उतार गेला. नोव्हेंबरमध्ये दोन्हींचं बी आणलं आणि खुरप्याने सऱ्या काढून इंचभर खोल पेरलं, वर माती सारखी केली. मेथी पेरतो तसं.

सेजब्रश: शून्य. बिटरब्रश उगवलं, पण माझ्या सऱ्यांत नाही! तीन-चार फूट बाजूला, एकाच भोकातून दहा-पंधरा रोपांचे झुपके. बाकी सगळीकडे चीटग्रास नावाचं तणगवत. एप्रिलमध्ये हिरवंगार, जूनमध्ये नुसतं वाळलेलं काड. नवरा म्हणतो सरसकट तणनाशक फवारून टाकू.

झुपके विरळ करू का? सेजब्रशच्या जळक्या खुंटांना फुटवा येईल का? आणि फवारणीचं काय?

प्रतिसाद १

ताई, मी युटात कुरणं सुधारण्याच्या कामात आहे. झुपके तुम्ही नाही, उंदीर-खारींनी पेरलेत. चिपमंक (छोटी पट्टेवाली खार) आणि डिअर माउस (रानउंदीर) बिटरब्रशचं बी उकरून नेतात आणि हिवाळ्यासाठी मूठ-मूठ पुरून ठेवतात. सगळं खाऊन होत नाही, विसरलेलं उगवतं. रानातही बिटरब्रशची बरीचशी नवी रोपं अशीच येतात. तेव्हा मजुरी न देता काम झालंय, हात लावू नका. उपटाल तर गुंतलेली मुळं सगळीच हलतील. फार दाटी वाटली तर कात्रीने छाटा. एखाद्या झुपक्यातून एक-दोन झुडपं टिकली तरी खूप. त्यांना मात्र जाळीचं कुंपण घाला, कारण म्यूल हरणांचं हिवाळ्यातलं हे आवडतं खाणं.

सेजब्रशच्या खुंटांची आशा सोडा. बिटरब्रश कधी कधी बुडख्यातून फुटतं, डोंगरी सेजब्रश आगीनंतर फुटत नाही. त्याचा सगळा भरवसा बियांवर, आणि बी मातीत फार वर्षं जगत नाही. वाऱ्याने गेलं तरी बहुतेक आईपासून काही मीटरच्या आतच पडतं. म्हणून मोठा जळीत पट्टा भरायला दोन-तीन दशकं सहज जातात. तुमची चूक खोलीची: ते बी धुळीसारखं बारीक, इंचभर खाली म्हणजे गाडलंच. डिसेंबर-जानेवारीत सरळ बर्फावर फेकायचं, बर्फ वितळताना ते आपोआप मातीला चिकटतं.

बी कुठल्या पोटजातीचं होतं? सखल भागातलं वायोमिंग सेजब्रश तुमच्याकडे आणून उपयोग नाही. ओळखायची युक्ती: पान चुरगळून पेलाभर पाण्यात टाका आणि अंधारात नोटा तपासायचा निळा (अतिनील, यूव्ही) दिवा धरा. डोंगरी जात लख्ख निळी चमकते, वायोमिंग जेमतेम.

फवारणीत हात आखडता ठेवा, कोवळी रोपंही जातील. चीटग्रास शरदातच रुजतं, थंडीभर मुळं वाढवतं आणि वसंतातली ओल आधी पिऊन टाकतं. नंतर वाळून पुढच्या वणव्याचं सरपण होतं. बी पिकायच्या आत, कणसं जांभळी व्हायच्या आधीच रोपांभोवतीचं तेवढं हाताने उपटा. मोकळ्या जागी ब्लूबंच व्हीटग्राससारखं स्थानिक गवत लावा.

प्रतिसाद २

फक्त एक विचारतो. खत घातलंय का?

धागाकर्ती

घातलंय ना! आईने फोनवर सांगितलं म्हणून सगळीकडे शेणखत पसरलं. :(

प्रतिसाद २

मग चीटग्रासची दिवाळी झाली. नत्र वाढलं की तेच आधी माजतं. बिटरब्रशच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नत्र धरतात. त्याला शेणखताची गरज नाही. आईंना सांगा, मेथीला घाला.

आणि नुसत्या बियांवर विसंबू नका, थोडी रोपंही लावा. तुमच्या जवळच, बॉयसीच्या टेबल रॉक टेकडीवर २०१६ मध्ये फटाक्यांनी लागलेल्या आगीत सुमारे २,५०० एकर जळालं, तिथे स्वयंसेवकांनी सेजब्रश आणि बिटरब्रशची रोपंच लावली होती.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. काल रात्री निळ्या दिव्याचा प्रयोग केला. शेजाऱ्यांचा एक कोपरा जळायचा राहिलाय, तिथलं पान पेल्यात अक्षरशः पेटल्यासारखं निळं झालं, मुलगी अर्धा तास हलेना. म्हणजे बी आमच्या कुंपणापलीकडेच आहे. शेजारी हो म्हणालेत. आता नोव्हेंबरअखेर बी पिकलं की फांद्या कापून आणायच्या, की झुडपावरच पिशवीत झोडपून घ्यायचं? आणि बर्फ पडेपर्यंत ते कागदी पिशवीत राहील ना?